एका भाषणात ४१ वेळा 'या ठिकाणी'

हिवराकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी चाळीसगावकडे एका लग्नाला गेलो होतो. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. अक्षता पडल्या पावणेदोनला. नवरदेव मारुतीच्या पारावरून वेळेत आला होता, मामा अंतरपाट घेऊन उभे होते, भटजी घड्याळ बघत होते. उशीर केला तो एकट्या माइकने. आधी आलेल्या पाहुण्यांचं शब्दसुमनांनी स्वागत, मग ज्यांची नावं राहिली त्यांचं, मग ज्यांचं नाव चुकलं त्यांची माफी मागून परत स्वागत. शेवटी एक माजी पदाधिकारी "फक्त दोन शब्द" बोलायला उठले. वाक्य असं: "आज या ठिकाणी दोन कुटुंबांचा ऋणानुबंध या ठिकाणी जुळून येत असताना मला या ठिकाणी विशेष आनंद होतो आहे." मी पेन काढला आणि पत्रिकेच्या पाठीवर रेघा ओढायला लागलो. भाषण संपलं तेव्हा ४१ रेघा झाल्या होत्या. शेजारचे आबा म्हणाले, "ठिकान त एकच शे ना भो, मंडप!"

हसून सोडून दिलं असतं. पण तुळशीच्या लग्नानंतर आमच्या पुतणीचं लग्न आहे आणि पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. दादाने कच्चा मजकूर पाठवला. नावं सोडून मोजला तरी १८० च्या वर शब्द. "आमचे येथे श्री कुलस्वामिनी कृपेकरून" इथून सुरू, आणि "सहकुटुंब सहपरिवार इष्टमित्रांसह अगत्यपूर्वक उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत ही आग्रहाची नम्र विनंती" इथे शेवट. सहकुटुंबात जे येत नाहीत असे सहपरिवारात कोण येतात? आग्रह आहे तर नम्र कसा? कात्री घेऊन बसलो आणि अडकलो. प्रत्येक शब्दामागे कोणीतरी रुसणारं बसलंय.

तर ही लांबड येते कुठून, आणि काय कापलं तर चालतं? अनुभव लिहा.

बारीकनजर

आधी "सुस्वागतम" कापा. स्वागत म्हणजेच सु + आगत. त्याला पुढून आणखी एक सु लावला, आणि कमानीवर त्याच्याही पुढे "हार्दिक" चिकटवलं. पिवळा पीतांबर म्हणून शाळेत हसायचो, तोच प्रकार. रोजच्या वापरातले माझ्या वहीतले काही: एटीएम मशीन, पिन नंबर, सीएनजी गॅस, दुधाचा दुग्धाभिषेक, परत पुन्हा एकदा, मोफत विनामूल्य शिबिर, आणि बातम्यांतलं लाडकं "दुःखद निधन". सुखद निधन कोणाचं झालेलं ऐकलंय का?

तिखट_शेव

"परत पुन्हा एकदा" वरून आठवलं, आमचे वर्गशिक्षक "रिपीट अगेन" म्हणायचे. तीनदा.

अहिराणी_पोर

बारीकनजर, मग "कागदपत्र" पण कापा. कागद बाहेरून आलेला, पत्र संस्कृत, अर्थ जवळपास एकच. बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज, थट्टामस्करी, सगळे जोडीनेच फिरतात. एक शब्द घरचा, एक फारसी-अरबीकडचा. दोन्ही बाजूंच्या माणसाला समजावं म्हणून जोडले गेले असतील. आता "मी बाजाराला गेलो" आणि "मी बाजारहाट केला" यात फरक आहे की नाही? दुसऱ्यात पिशवी जड लागते.

बारीकनजर

मान्य. जोडशब्द वहीतून काढले. एटीएम मशीन राहील.

केळीबाग_रावेर

मला कमी बोलायला पैशाने शिकवलं. व्हॉट्सअॅपच्या आधी शेतकऱ्यांना आणि गाडीवाल्यांना एसेमेस करायचो. इंग्रजी लिपीत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. "कापणी" म्हणजे क, काना, प, ण, वेलांटी, झाली पाच. ७१ वं अक्षर आलं की दुसऱ्या एसेमेसचे पैसे. दोनशे जणांना पाठवायचा तर हिशोब करा. तेव्हा माझा मजकूर असायचा: "उद्या कापणी. सकाळी ६. गाडी बांधावर. भाव फोनवर." कोणाला कधी काही कमी पडलं नाही.

आता व्हॉट्सअॅप फुकट आहे. त्याच लोकांना मीच लिहितो: "सर्व केळी उत्पादक शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की..." आणि खाली दोन फुलं. का लिहितो माहीत नाही. वडील सांगायचे, तार करताना पोस्टातला माणूस शब्दांवर पेन्सिल टेकवत मोजायचा, म्हणून "लवकर निघा" मधलं "लवकर" सुद्धा काढून टाकायचे. तार आली म्हटल्यावर कोण सावकाश निघतंय! २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. शब्दाला पैसे पडण्याची आपली शेवटची सवय तिथेच गेली असं मला वाटतं.

धुळेकर_गुरुजी

केळीबाग, फुलं ठेवा. ती आजची नाहीत.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं, म्हणजे बहुतेक जुनी पत्रं, २२ खंडांत छापली. ते १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आमच्याच गावात आहे, म्हणून त्या पत्रांचा नाद आम्हाला जरा जास्त. पत्र उघडलं की पहिल्या चार ओळी मायन्याच्या. "विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जावे. विशेष." या "विशेष" नंतर कामाची गोष्ट सुरू होते. मुलांना मी सांगायचो, घाई असेल तर डोळे थेट "विशेष" वर न्या. त्याच्या आधीचं पत्र म्हणजे जोडे काढणं, पाय धुणं, पाणी घेणं. आणि काम सांगून झालं की शेवट ठरलेला: "बहुत काय लिहिणे." पुढे कोणी काही घुसडू नये म्हणून "लेखनसीमा" किंवा "मोर्तब सूद". म्हणजे पत्र जिथं संपलं तिथं कुंपण.

गंमत अशी की हा लांबलचक मायना लिहिणाऱ्यांनाच जड झाला आणि त्यांनीच तो आटवून ठेवला. कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष याचं झालं "कृ. सा. न. वि. वि." राजमान्य राजश्रीचं "रा. रा." तीर्थस्वरूपचं "ती. स्व." मान पुरता, शाई अर्धी. माझ्या वडिलांची पोस्टकार्डं अशीच आहेत. मायना एका ओळीत आटपलेला, मग पावसाची खबर, बैलाचा पाय, आईचा खोकला, आणि जागा संपली म्हणून उरलेलं आडवं, समासात.

म्हणून हिवराकाठ, पत्रिकेतलं "श्री कुलस्वामिनी कृपेकरून" ठेवा. ते तुमचं "विनंती उपरी" आहे. भाषणवाल्याला मात्र "विशेष" कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं.

तिखट_शेव

गुरुजी, "बहुत काय लिहिणे" हे तीन परिच्छेदांनंतर आलं 🙂

धुळेकर_गुरुजी

निवृत्त माणूस आहे. मोर्तब सूद.

टेबल_नंबर_चार

मी सरकारी कार्यालयात बसतो, कुठल्या ते विचारू नका. आमच्या भाषेवर सगळेच हसतात, म्हणून आतली गोष्ट सांगतो. हे वाक्य बघा:

"उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण या कार्यालयास सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

मराठीत याचा अर्थ: तुमचा अर्ज मिळाला.

हे लिहिणाऱ्याला मराठी येत नाही असं समजू नका. घरी तोच माणूस "ए, मीठ दे" म्हणतो. या वाक्यात कर्ता नाही हे बघा. कळवतो कोण? कार्यवाही करतो कोण? कधी? "करण्यात येईल" मध्ये कोणी अडकत नाही. उद्या मी "मंगळवारपर्यंत उतारा देतो" असं सहीनिशी लिहिलं, तर बुधवारी सकाळी तुम्ही तो कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहाल. बरोबरच आहे तुमचं. पण उतारा माझ्या एकट्याच्या हातात नसतो. तो ज्याच्या हातात असतो त्याचं नाव मला लिहिता येत नाही. मग "येईल" ला पुढे करायचं. तुम्ही शब्द मोजता, आम्ही त्या शब्दांच्या आडोशाला बसतो.

नवीन लागलो तेव्हा एक पत्र सरळ लिहिलं होतं: "तुमच्या अर्जासोबत वारसांचा दाखला नाही. तो आणा, नोंद होईल." साहेबांनी परत पाठवलं. म्हणाले, हे पत्र वाटत नाही, चिठ्ठी वाटते. अर्जदार म्हातारा होता. त्याला ती चिठ्ठीच कळली असती.

अर्जदार_अमळनेर

टेबल नंबर चार, मन मोकळं केलंत, बरं वाटलं. आता पलीकडच्या बाजूचं ऐका. मी माहिती अधिकाराचे अर्ज करतो. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून असं आहे की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण १५० शब्दांत बसावा. सुरुवातीला राग आला होता. माझा पहिला अर्ज चार पानी होता. त्यात गावचा इतिहास, रस्त्याचं दुःख, दोन म्हणी. नियमामुळे उरलं एवढंच: अमुक रस्त्याची मोजमाप पुस्तिका, देयकं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती द्या. १३ शब्द. आणि त्यालाच उत्तर आलं. चार पानी अर्जाला "आपला प्रश्न स्पष्ट होत नाही" असं आलं होतं, आणि तेव्हा ते खरंच होतं.

उत्तराला मात्र शब्दमर्यादा नाही. तिथे टेबल नंबर चारचे भाऊबंद भेटतात.

दस्तलेखक

मी तालुक्याला दस्त लिहितो, वडीलही तेच करायचे. इथे कात्रीचं कौतुक चाललंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

जुन्या खरेदीखतात ओळ असते: "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह." शिकलेली पोरं हसतात. काका, जमीन विकली म्हणजे गवत आलंच ना! नाही येत. या यादीतला एकेक शब्द म्हणजे कोणाच्या तरी भांडणाची खूण समजा. शेत विकलं आणि बांधावरचा बाभूळ तोडून नेला, तरू. विहीर खणताना दगड निघाला, तो कोणाचा, पाषाण. हंडा निघाला, निधी. हंडा कोणाला सापडत नाही, पण सापडलाच तर दोन घरं कोर्टात जातात.

एक गोष्ट नाव न घेता सांगतो. दोन भावांचं वाटप. मोठा म्हणाला, आपण घरचे आहोत, फार लिहू नका. लिहिलं: "विहिरीत निम्मा हिस्सा." झालं. मोटार कोणी किती दिवस चालवायची, पाइप कोणाच्या शेतातून न्यायचा, वीजबिल कोणाच्या नावावर, काही नाही. पहिली दोन वर्षं पाऊस चांगला होता. तिसऱ्या वर्षी पाणी तळाला गेलं, आणि धाकट्याचा पाइप मोठ्याने उखडला. मी सुचवलेल्या आठ ओळी खोडल्या होत्या. मोठ्या भावाचा आवाज अजून कानात आहे: "एवढं कशाला, सख्खे भाऊ ना आम्ही."

रकमेचंही तसंच. "रु. ४,२५,०००, अक्षरी रुपये चार लाख पंचवीस हजार मात्र." एकच गोष्ट दोनदा, आणि वर "मात्र". निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट १८८१ चा आहे, त्याच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर खरं धरायचं. बँका असा चेक परतच करतात ती गोष्ट वेगळी. पण आकड्यात एक शून्य सहज वाढतं. "चार लाख" चं "चाळीस लाख" करायला हात थरथरतो.

रूळाजवळ

+१. मी भुसावळचा, घरात तीन पिढ्या रेल्वे. फाटक बंद करायचं तेव्हा स्टेशन मास्तर आणि गेटमन एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खातरजमेचा आकडा, देतात. एक बोलतो, दुसरा तोच परत म्हणतो, दोघं वहीत लिहितात. शहाणा माणूस म्हणेल, ऐकू आलं ना, मग परत कशाला? परत म्हटलेलं ते फाटकाखालून जाणाऱ्या माणसासाठी असतं. बाबांना ही सवय इतकी लागली होती की आईने "कोथिंबीर आणा" म्हटलं की ते दारातून "कोथिंबीर" म्हणायचे. तरी मेथी आणायचे.

असोदेकरीण

बारीकनजर, तुमच्या वहीतला एक शब्द मला परत द्या.

मी प्राथमिक शिक्षिका होते. वाक्यातला जास्तीचा शब्द खोडणं हा माझा हातचा मळ. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. गंधमुक्तीचं, म्हणजे उत्तरकार्याचं, कार्ड छापायचं होतं. छापखान्याने नेहमीचा मजकूर दिला, त्यात "वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले" होतं. मी "दुःखद" वर रेघ मारली, अगदी तुमचाच युक्तिवाद करून. कार्ड आलं. आईला वाचता येत नाही, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, "सगळ्यांच्या कार्डात दुःखद असतं. यांच्यात नाही का?"

मी काय सांगणार होते, की ते व्याकरणात बसत नाही? दारावर सांत्वनाला येणारी बाई रडत रडत तेच चार शब्द बोलते जे आधीच्या दहाजणी बोलून गेल्या. त्यातला एक तरी नवीन असतो का? तरी एखादी न बोलता बसून उठून गेली तर आई विचारते, तिचं काही बिनसलंय का.

आमच्या गावात १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या, घरातल्यांनी टिपून घेतलं. ओवीत जागा मोजकीच असते, आणि तेवढ्या जागेत त्या तोच शब्द दोनदा घेतात. कोणी त्याला पाल्हाळ म्हणेल का? जात्यावर बसलेल्या बाईला खुंटा ओढायला एक शब्द लागतो आणि परत यायला एक.

बारीकनजर

खोडला. माफ करा ताई.

अहिराणी_पोर

बहिणाबाईंवरून एक आठवण. मी शिकायला होतो तेव्हा विद्यापीठाला सगळे "उमवि" म्हणायचे. २०१८ साली त्यांचं नाव दिलं. चांगलं झालं, पण आता पूर्ण नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. अर्जाच्या फॉर्मवर चौकटीत बसत नाही. मग पोरांनी केलं "कबचौउमवि". जिने एवढ्याशा ओळीत सगळं बसवलं तिच्या नावाचं काय करून ठेवलंय बघा.

तिखट_शेव

विद्यापीठात तर लांबडीला मार्क असायचे. आमच्या वेळी हॉलमध्ये पुरवणी मागणाऱ्याकडे बाकीचे धास्तीने बघायचे. मी मराठीच्या पेपरला एकच मुद्दा "थोडक्यात", "म्हणजेच", "दुसऱ्या शब्दांत", "सारांश" असा चार परिच्छेदांत लिहून पास झालोय. ते चार शब्द अजून कुठल्याही विषयावर चालतात.

बाय द वे, असोदेकरीण ताई, भरिताची कृती? नेटवर एक शोधली तर आधी आजीच्या अंगणाचं वर्णन, मग हिवाळ्याचं, वांगं येईपर्यंत माझी भूक मेली.

असोदेकरीण

पांढरट हिरवी, कमी बियांची वांगी घ्या. तुराट्यांवर भाजा, गॅसवर नाही. साल काढा, लाकडी बडगीत ठेचा. तेलात शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात परता, त्यात वांगं, वर कोथिंबीर. कळण्याची भाकरी किंवा पुरी.

तिखट_शेव

याला म्हणतात "विशेष".

केळीबाग_रावेर

हिवराकाठ कुठे गेले? पत्रिका छापली का?

हिवराकाठ

आहे, आहे. सगळं वाचत होतो, काही घरात मोठ्याने वाचूनही दाखवलं. दादाला दस्तलेखकांचं पटलं, वहिनीला असोदेकरीण ताईंचं. म्हणजे दोघांनी मिळून कात्री काढून घेतली.

तरी काही कापलं. "सुस्वागतम" गेलं. "अगत्यपूर्वक" गेलं. "सहपरिवार" गेलं, "सहकुटुंब" राहिलं. "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर" यावर मारामारी झाली. मी म्हटलं, सरळ "आहेर आणू नये" लिहू. दादा म्हणाला, ते उद्धट वाटतं. मग दोन्ही गेलं, आता लोक आहेर आणतील. किलबिलमधलं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" मी काढलं होतं. चार वर्षांच्या पुतण्याला त्यात आपलं नाव छापून हवं होतं, त्याने दोन दिवस जेवताना मुद्दाम सांडलं. परत घातलं. विवाहस्थळाचा पत्ता मात्र वाढवला, रूळाजवळांना स्मरून. हॉलचं नाव, रस्त्याचं नाव, आणि "पेट्रोल पंपाच्या पुढे, आधी नाही". १८० चे ११२ झाले.

पहिली पत्रिका कुलस्वामिनीला, दुसरी साक्रीच्या मोठ्या आत्याला. आत्या ऐंशीच्या पुढची. नातवाकडून वाचून घेतली आणि लगेच फोन. मी विचारलं, आत्या, मजकूर कसा वाटला? म्हणाली, "मन्हं नाव शे ना त्यामा? मंग बाकीनं ऱ्हाऊ दे."

तिखट_शेव

आणि लग्नातली भाषणं? माइक कोणाकडे देणार?

हिवराकाठ

लग्न झालं काल. मुहूर्त ११ वाजून ५० चा, अक्षता पडल्या बारा वाजून वीसला. भाषणं दोन झाली, एक आमच्याच मेहुण्याचं. रेघा ओढायला पेन नव्हता, मी वरण-बट्टी वाढत होतो. शेवटच्या पंगतीला तूप कमी पडलं, त्यावरून जे बोलणं खाल्लं ते दादाने अगदी थोडक्यात सुनावलं.